गाईड नको, ग्रंथ हवा!

कबनूरला एका कार्यकर्त्याच्या घरी अलीकडेच जाण्याचा प्रसंग आला. इचलकरंजीला खेटून असलेले हे गाव यंत्रमागांच्या खडखडाटात जागे होते आणि त्याच खडखडाटात झोपते. घरातील कर्ता माणूस वहिफणीचे काम करतो. थोरली मुलगी तंत्रनिकेतनात संगणक शाखेच्या पदविकेला दुसऱ्या वर्षात शिकते. चहा घेता घेता वडिलांनी विषय काढला. "साहेब, पोरगी पुस्तक मागतीया. दुकानदारानं चार पुस्तकं म्होरं टाकली. आपल्याला त्यातलं काय कळतंय? सगळ्यात स्वस्त हुतं ते आणलं. आता ही म्हणतीया, ह्यातनं काय समजंना."

पुस्तक आम्ही हातात घेतले. विषय होता मायक्रोप्रोसेसरच्या असेंब्ली भाषेतील प्रोग्रॅमिंग. आत मागील परीक्षांचे प्रश्न आणि त्यांची तयार उत्तरे. म्हणजे गाईडच! मुलीने त्यातील दोन मोठ्या संख्यांच्या बेरजेचा प्रोग्रॅम आम्हाला तोंडपाठ म्हणून दाखवला. चाचणी परीक्षेत तिला त्यावर पूर्ण गुणही मिळाले होते. वकिलाला उलटतपासणीची खोड असते. आम्ही पहिल्या ओळीवर बोट ठेवले आणि विचारले, "ही ओळ काढून टाकली तर काय होईल?" ती क्षणभर गप्प राहिली. मग म्हणाली, "काका, असा प्रश्न परीक्षेत येत नाही."

तिचे उत्तर खरे होते आणि म्हणूनच ते गंभीर होते. दोष तिचा नाही, तिच्या वडिलांचा तर मुळीच नाही. ज्या घरात पहिल्यांदाच तांत्रिक शिक्षणाचे पुस्तक येते त्या घरात ते पारखायचे कसे हे सांगणारा कोणी नसतो. शिकलेल्या घरातील मुलाला काका-मामा सांगतात, हे घे आणि ते ठेव. आपल्या मुलांना दुकानदार सांगतो. पुस्तकाची निवड ही शिक्षणाची पहिली पायरी आहे आणि त्याच पायरीवर आपली मुले एकटी उभी असतात. त्यामुळे या विषयावर लिहिणे आम्हाला आवश्यक वाटले.

आम्ही अभियंते नाही, हे आधीच सांगितलेले बरे. पण वकिलाला न कळणाऱ्या विषयातही साक्षीदार तपासावा लागतो. हा विषय शिकवणाऱ्या मित्रांना आम्ही विचारले, पुस्तके मागवून चाळली, कागद-पेन्सिल घेऊन आकडेमोड केली. त्यातून जे हाती लागले ते वाचकांपुढे ठेवतो.

हा विषय नेमका काय आहे हे कबनूर-इचलकरंजीच्या वाचकांना समजावणे अवघड नाही. वहिफणी करणारा कामगार ताण्याचा एकेक धागा वहीच्या डोळ्यातून आणि फणीच्या घरातून ओढतो. माग चालू झाला की प्रत्येक फेऱ्याला कोणती वही वर जायची आणि कोणती खाली राहायची, यावर कापडाची नक्षी ठरते. वर किंवा खाली, उत्तरे दोनच. फ्रान्समधील जोसेफ मारी जॅकार्ड याने १८०४ च्या सुमारास छिद्रे पाडलेल्या पुठ्ठ्यांवर हा हुकूम मागाला द्यायला शिकवला. पुढे इंग्लंडच्या चार्ल्स बॅबेजने आपल्या गणनयंत्राच्या आराखड्यात तीच पुठ्ठ्यांची कल्पना घेतली. संगणकाच्या पूर्वजांमध्ये माग आहे, ही गोष्ट मागावर जगणाऱ्या गावाने अभिमानाने सांगावी अशी आहे.

मायक्रोप्रोसेसरलाही दोनच गोष्टी कळतात, १ आणि ०. या दोन चिन्हांतील हुकूम माणसाला लक्षात ठेवणे अशक्य, म्हणून प्रत्येक हुकमाला एक लहान नाव दिले गेले. 'मूव्ह' म्हणजे हलव, 'अ‍ॅड' म्हणजे मिळव, 'जम्प' म्हणजे उडी मार. या नावांत लिहिलेला प्रोग्रॅम म्हणजे असेंब्ली भाषेतला प्रोग्रॅम. इतर संगणकीय भाषांत एका ओळीत बरेच काम होते. येथे एकेक धागा हाताने ओढावा लागतो. एक धागा चुकीच्या घरात गेला की अख्खा तागा खराब. म्हणून पाठांतरावर हा विषय पार करता येतो, पण शिकता येत नाही.

आणि तो शिकण्यात भाकरीचा प्रश्न आहे. साध्या मागांच्या जागी रेपियर आणि एअरजेट माग येत आहेत. त्यांच्या पॅनेलमध्ये इलेक्ट्रॉनिक बोर्ड असतो आणि त्या बोर्डावर मायक्रोकंट्रोलर. बोर्ड बिघडला की बाहेरचा माणूस येईपर्यंत माग बंद. मागावरच्या कामगाराच्या मुलीने हा बोर्ड आतून ओळखायचा, की तिनेही दुसऱ्या कोणाची वाट पाहत बसायचे? याचे उत्तर पुष्कळ अंशी तिने दुसऱ्या वर्षात कोणते पुस्तक वाचले यावर अवलंबून आहे.

आमच्या व्यवसायात पुस्तकांच्या तीन पायऱ्या असतात. पहिला मूळ कायदा, ज्याला आम्ही 'बेअर अ‍ॅक्ट' म्हणतो. दुसरे त्यावरील भाष्य. तिसरे गाईड. परीक्षेच्या आदल्या रात्री गाईड आम्हीही वाचले आहे, उगाच सोवळेपणाचा आव आणत नाही. पण न्यायालयात प्रतिपक्षाचा वकील कलमातल्या एका शब्दावर बोट ठेवतो तेव्हा गाईड कामाला येत नाही. तेथे मूळ कायदा लागतो आणि तो समजावून देणारे भाष्य लागते. मायक्रोप्रोसेसरचेही तसेच आहे. मूळ कायदा म्हणजे चिप बनवणाऱ्या कंपनीची नियमपुस्तिका. इंटेल कंपनीने ८०८६ हा प्रोसेसर १९७८ साली आणला आणि १९७९ साली त्याचे युजर्स मॅन्युअल प्रसिद्ध केले. प्रत्येक हुकूम काय करतो आणि काय करत नाही, याचा अंतिम दाखला तेथे मिळतो. नवशिक्याने त्यापासून सुरुवात करू नये, पण वाद निर्माण झाला की तेथे जावे. सुरुवात भाष्यापासून, म्हणजे चांगल्या पाठ्यपुस्तकापासून करावी.

मग चांगले पुस्तक ओळखायचे कसे? दुकानात उभ्या उभ्या करता येतील अशा चार कसोट्या आम्ही सुचवतो.

पहिली कसोटी चिपची. आपल्या अभ्यासक्रमात कोणता प्रोसेसर आहे ते आधी पाहावे. राज्याच्या तंत्रशिक्षण मंडळाने २०१७ साली आणलेल्या अभ्यासक्रमात पदविकेच्या संगणक शाखेला ८०८६ आणि इलेक्ट्रॉनिक्स शाखेला ८०५१ ठेवला होता. पदवीच्या अनेक अभ्यासक्रमांत वर्षानुवर्षे ८०८५ शिकवला गेला. तिन्ही इंटेलचेच असले तरी एकाची भाषा दुसऱ्याला कळत नाही. ८०५१ चे उत्तम पुस्तक घेऊन ८०८६ शिकायला बसणे म्हणजे करार कायद्याचे पुस्तक घेऊन फौजदारी खटला लढवणे.

दुसरी कसोटी 'हातच्या'ची. शाळेतल्या बेरजेत आपण हातचा एक धरतो, तोच येथे 'कॅरी फ्लॅग' या नावाने भेटतो. आठ बिटांच्या पेटीत जास्तीत जास्त २५५ मावतात. २०० मध्ये १०० मिळवले की पेटीत ४४ उरतात आणि हातचा १ येतो. मोठ्या संख्यांची बेरीज अशी पेटी-पेटीने, हातचा पुढे नेत करावी लागते. त्या मुलीच्या प्रोग्रॅममधली पहिली ओळ होती 'सीएलसी', म्हणजे आधीचा हातचा पुसून टाक. ती काढली आणि मागच्या कुठल्या तरी कामाचा हातचा शिल्लक असला, तर बेरीज एकाने वाढते. शिल्लक नसला तर बेरीज बरोबर येते. एकदा बरोबर, एकदा चूक. असा दोष शोधणे सर्वांत कठीण. त्याच प्रोग्रॅममध्ये पुढच्या पेटीकडे जाण्यासाठी 'आयएनसी' हा हुकूम वापरतात, कारण तो हातच्याला धक्का लावत नाही. त्याऐवजी कोणी 'अ‍ॅड' वापरून १ मिळवला तर हातचा बदलतो आणि उत्तर बिघडते. पुस्तकात फ्लॅगचे प्रकरण उघडावे. कोणता हुकूम कोणत्या फ्लॅगला हात लावतो आणि कोणत्या नाही, हे कारणासह दिले असेल तर लेखकाने हा विषय स्वतः केलेला आहे असे समजावे. नुसती व्याख्या असेल तर पुस्तक खाली ठेवावे.

तिसरी कसोटी 'स्टॅक'ची. पोटप्रोग्रॅमकडे जाताना परतीचा पत्ता प्रोसेसर या जागेत ठेवतो. ८०८६ मध्ये दर वेळी एक शब्द, म्हणजे दोन बाइट, आत जातो आणि स्टॅकचा दर्शक दोनने खाली सरकतो. हे वाक्य वाचून कोणालाच समजत नाही, चित्र काढूनच समजते. हुकमाच्या आधी स्मृतीत काय होते आणि नंतर काय झाले, याची शेजारी शेजारी दोन चित्रे पुस्तकात आहेत का, ते पाहावे.

चौथी कसोटी स्वाध्यायाची. प्रकरणाच्या शेवटी उत्तर न दिलेली, सोप्यापासून अवघडाकडे जाणारी उदाहरणे हवीत. मुद्दाम चुकीचा प्रोग्रॅम देऊन चूक शोधायला सांगणारे पुस्तक तर सोन्याहून पिवळे. गाईडमध्ये नेमके हेच नसते, कारण गाईड उत्तर विकते.

आता नावानिशी सांगतो, कारण नावे न घेता दिलेला सल्ला दुकानात उपयोगी पडत नाही. ८०८५ साठी रमेश गावकर यांचे पुस्तक भारतातील विद्यार्थ्यांच्या कित्येक पिढ्यांनी वापरले आहे. त्याची पहिली आवृत्ती १९८४ साली अमेरिकेत निघाली आणि मुंबईच्या पेनराम प्रकाशनाने ते येथे उपलब्ध करून दिले. चिपची रचना आणि तिचा प्रोग्रॅम दोन्ही ते हात धरून शिकवते आणि शेवटी प्रत्येक हुकमाचा उदाहरणासह खुलासा देते. ८०५१ साठी मझिदी यांचे पुस्तक; त्यात असेंब्लीच्या जोडीला सी भाषाही आहे आणि बोर्ड दुरुस्तीकडे जाणाऱ्याला तीही लागते. ८०८६ साठी दोन पुस्तके आहेत. डग्लस हॉल यांचे १९८६ सालचे पुस्तक जाडजूड आहे आणि प्रोसेसरला बाहेरची उपकरणे कशी जोडायची यावर त्याचा भर आहे. यिता यू आणि चार्ल्स मारूट यांचे १९९२ सालचे पुस्तक प्रोग्रॅमिंगवर भर देते, संख्यापद्धती सुरुवातीच्या प्रकरणांतच समजावते आणि फ्लॅगना स्वतंत्र प्रकरण देते. कबनूरच्या मुलीसाठी आमची शिफारस स्पष्ट आहे: यू-मारूट जवळ ठेवावे, हॉल ग्रंथालयातून आणून वाचावे आणि गाईडला परीक्षेच्या आधीचे आठ दिवस द्यावेत, त्याहून जास्त नाही.

येथे एक इशारा देणे भाग आहे. ही पुस्तके डॉसच्या काळातील आहेत. त्यांतले प्रोग्रॅम १६ बिटांचे असतात आणि आजच्या ६४ बिटांच्या विंडोजवर ते थेट चालत नाहीत. विद्यार्थी पुस्तकातली ओळ जशीच्या तशी टाइप करतो, पडद्यावर चूक दिसते आणि त्याला वाटते आपल्यालाच जमत नाही. जमते! 'डॉसबॉक्स' हे मोफत मिळणारे सॉफ्टवेअर घालावे, म्हणजे त्यात जुना डॉस जिवंत होतो. मग एकेक हुकूम चालवून प्रत्येक पावलाला रजिस्टर कसे बदलते ते पाहावे. न चालवलेला प्रोग्रॅम म्हणजे न वाचता सही केलेला दस्तऐवज.

काही जण विचारतील, १९७८ सालची चिप शिकून आज काय मिळणार? प्रश्न रास्त आहे. उत्तर आम्ही आमच्या व्यवसायातून देतो. १ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहिता जाऊन भारतीय न्याय संहिता लागू झाली. खुनाच्या शिक्षेचे ३०२ कलम १०३ झाले, फसवणुकीचे ४२० कलम ३१८ मध्ये गेले. ज्यांनी आकडे पाठ केले होते त्यांची तारांबळ उडाली. ज्यांना खून आणि सदोष मनुष्यवध यांतला फरक समजला होता, त्यांनी नवे पान उघडून काम सुरू ठेवले. येथेही तेच. अमेरिकेत बर्कले विद्यापीठात २०१० साली 'रिस्क-फाइव्ह' नावाची नवी हुकूमरचना आखायला घेतली गेली. तिची नियमपुस्तिका कोणालाही मोफत वाचता येते आणि मद्रास आयआयटीने आपला 'शक्ती' प्रोसेसर तिच्यावरच उभारला. या रचनेत हातच्यासाठी फ्लॅगच नाही. हातचा आला की नाही हे दोन संख्यांची तुलना करून काढावे लागते. हातचा म्हणजे काय हे ज्याला कळले आहे, त्याला हा बदल एका दुपारी कळेल. ज्याने फक्त 'सीएलसी' पाठ केले, त्याला पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

भाषेचा अडसर खरा आहे. वर सांगितलेली सर्व पुस्तके इंग्रजीत आहेत आणि आपली बहुसंख्य मुले मराठी शाळांतून येतात. अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने २०२१ साली मराठीसह काही भारतीय भाषांत अभियांत्रिकी शिकवायला परवानगी दिली, पदविकेलाही मराठी-इंग्रजी द्विभाषिक वाट खुली झाली. त्याचे आम्ही स्वागत करतो. परंतु इंग्रजी गाईडचे मराठी गाईड करून ठेवले तर हाती काय लागणार? मराठीत पुस्तक हवे ते प्रोग्रॅम स्वतः चालवून पाहिलेल्या माणसाने लिहिलेले, 'रजिस्टर', 'स्टॅक' हे शब्द तसेच ठेवून खुलासा मात्र आपल्या बोलीत करणारे. ते येईपर्यंत मुलांनी इंग्रजी पुस्तकाला घाबरू नये. तांत्रिक पुस्तकाचे इंग्रजी उच्च न्यायालयाच्या निकालपत्राइतके वळणदार नसते. तेच दोन-तीनशे शब्द पुन्हा पुन्हा येतात. एक वही घालावी, रोज दोन पाने वाचावीत आणि समजलेले आपल्या मराठीत लिहून काढावे. सहा महिन्यांनी ती वहीच धाकट्या भावंडांचे पुस्तक होईल.

राहिला पैशाचा प्रश्न. अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी शासनाने पुस्तकपेढीची योजना आणली, त्यात दोन विद्यार्थ्यांमागे पुस्तकांचा एक संच असा नियम ठेवला गेला. संच मिळाला की आपण समाधान मानतो. त्या संचात कोणती पुस्तके घातली हे मात्र विचारत नाही. आता विचारावे. शासकीय आणि अनुदानित संस्था माहिती अधिकार कायदा, २००५ च्या कक्षेत येतात. ग्रंथालयाने गेल्या तीन वर्षांत या विषयाची कोणती पुस्तके किती प्रतींत घेतली, ही माहिती साध्या अर्जाने मागता येते. यादीत गाईडच दिसली तर प्राचार्यांना नम्रपणे निवेदन द्यावे आणि निवेदनात पुस्तकांची नावे लिहावीत. 'चांगली पुस्तके द्या' या मागणीला फाटे फुटतात, नाव लिहिलेल्या मागणीला उत्तर द्यावेच लागते.

शेवटी एक गोष्ट, जी आमच्यासारख्या कायद्याच्या पदवीधरांनी थोडी खाली मान घालून सांगावी अशी आहे. याच हातकणंगले तालुक्यातील माणगावला मार्च १९२० मध्ये बाबासाहेबांचे नेतृत्व समाजापुढे आले. पुढे ऑक्टोबर १९४२ मध्ये व्हाइसरॉयना दिलेल्या निवेदनात त्याच बाबासाहेबांनी, जे स्वतः बॅरिस्टर होते, स्पष्ट मांडले की कला आणि कायद्याच्या शिक्षणाने अनुसूचित जातींचे फारसे भले होणार नाही, त्यांना विज्ञान आणि तंत्रज्ञानाचे उच्च शिक्षण हवे. त्यासाठी त्यांनी देशातील शिक्षणाला वर्षाला २ लाख आणि परदेशातील शिक्षणाला १ लाख रुपयांची शिष्यवृत्ती मागितली. आपण वकील झालो, प्राध्यापक झालो, कार्यकर्ते झालो. पण मागाच्या पॅनेलमधला बोर्ड उघडून त्याला प्रश्न विचारणारी मुले आपल्यात किती? जयंतीच्या रात्री डॉल्बीवर जो खर्च होतो, त्याच्या एका लहान हिश्शात वस्तीतल्या ग्रंथालयाच्या कपाटात या तीन विषयांच्या दोन-दोन प्रती बसतील. ते कपाट प्रत्येक वस्तीत उभे राहावे, अशी आमची कार्यकर्त्यांना विनंती आहे.

कबनूरच्या त्या घरी आम्ही यू-मारूटची जुन्या बाजारात मिळालेली एक प्रत पोहोचवली. पंधरा दिवसांनी मुलीचा फोन आला. जयभीम घालून ती म्हणाली, "काका, ती पहिली ओळ काढली की बेरीज कधी बरोबर येते आणि कधी एकानं जास्त. मी दोन्ही करून बघितलं." हा प्रश्न परीक्षेत येणार नाही हे तिला ठाऊक होते. तरीही तिने तो सोडवला. शिक्षण याचेच नाव.